एकोणीस नंबरचा नकार

एकोणीस नंबरची मुलगी "नको गं" म्हणाली, आणि ते म्हणायच्या आधी नाकातल्या नाकात एवढंसं हसली. हसली म्हणजे नुसती हवा सोडली. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण माझी बावीस वर्षं असल्या हवा ऐकण्यात आणि कापण्यात गेली आहेत. मी क्लिप मागे घेतली. "नको गं, मला सकाळी लवकर उठायचंय." पुन्हा मागे घेतली. तेच हसू. हे हसू मी गेलं वर्षभर स्वयंपाकघरात, जिन्यात, फोनवर, बंद दाराच्या आडून ऐकत होते. कुठे होतीस? हवा. मैत्रिणीकडे. जेवलीस का? हवा. हो ना. एकोणीस नंबर म्हणजे माझी लेक चिमी होती. दुपारचे पावणेतीन झाले होते, शेजारच्या टेबलावर कुणीतरी करकर आवाज करत सफरचंद खात होतं, आणि माझं बोट हिरव्या बटणावर तसंच टेकलेलं राहिलं.

आमचं काम आधी सांगते, म्हणजे ज्याला हसायचंय त्याला हसता येईल. पोरांनी दारू पिऊ नये म्हणून आम्ही खेळ बनवतो. आम्ही म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक कंपनी, अठरा माणसं आणि एक कायमचं बिघडलेलं कॉफीचं मशीन. पोराच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक, की ते वर्गात उभं असूनही एका पार्टीत जाऊन पोचतं. घर आहे, सोफा आहे, उघडमीट करता येणारा फ्रीज आहे, गाणी लागलीयत आणि मोठं माणूस एकही नाही. पाच जण एकामागून एक येतात आणि ग्लास पुढे करतात. पोरानं नाही म्हणायचं. मनातल्या मनात नव्हे, तोंडानं. खेळ ते ऐकतो आणि गुण देतो. इथे नाही म्हणायची सवय लागली की बाहेरही पोर नाहीच म्हणेल, अशी ही थोर कल्पना. पण यंत्राला काय डोंबल कळतंय नकार कशाला म्हणतात? म्हणून त्याला आधी शिकवावं लागतं, आणि शिकवायला माणूस लागतं, ते माणूस मी. शाळाशाळांतून क्लिपा येतात. त्यांवर नाव नसतं, शाळा नसते, नुसता नंबर. मी ऐकायचं आणि बटण दाबायचं. हिरवं म्हणजे ठाम नकार, पिवळं म्हणजे डळमळीत, लाल म्हणजे घेतला ग्लास. आणि राखाडी म्हणजे असंबद्ध. पोर शिंकलं, बाईंना हाक मारली, चष्मा टोचतोय म्हणालं, असलं काही. दिवसाला चारशे नकार ऐकते मी. दुकानदारानं "पिशवी देऊ का?" विचारलं आणि पुढचं गिऱ्हाईक नको म्हणालं, तरी माझं बोट बटण शोधायला लागतं.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं त्या आमच्या साहेबाला मी मनात स्लाइडराव म्हणते. हा माणूस स्लाइडशिवाय बोलू शकत नाही. त्याच्या घरी बारसं झालं असेल तेव्हाही त्यानं भिंतीवर तीन मुद्दे दाखवले असतील. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बूट पांढरे, आणि दारूबद्दलचं ज्ञान एवढंच की ती काचेच्या बाटलीत मिळते. त्याच्या जोडीला मानसतज्ज्ञ म्हणून आणलेल्या हुंकारबाई. तुम्ही आग लागली म्हणा, त्या मान तिरकी करून "हं" म्हणणार. पार्टीतल्या पाच जणांची वाक्यं ह्या बाईंनी लिहिली. "चल ना, एका घोटानं काय होतंय?" "तू अजून लहान आहेस का?" "सगळे घेतायत, तूच एकटी राहिलीस." ही वाक्यं पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, बाई गंमत करतायत. जगात कुठल्या पोराला कुणी असं म्हणतं? आग्रह करकरून दारू पाजणारी माणसं फक्त शाळेच्या नाटकात असतात. खरं म्हणजे कुणी काही म्हणतच नाही. ग्लास कसा हातात आला ते कळत नाही, आणि मग तो खाली ठेवायला टेबल कुठे आहे तेही दिसत नाही. मी हे एकदा मीटिंगमध्ये बोलले. बाई म्हणाल्या, "हं." विषय संपला.

मला ते ठाऊक होतं कारण माझ्या हातात ग्लास आला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. मावसबहिणीच्या घरी, गच्चीत, सात-आठ जणी, दुपारची वेळ. कडू लागलं होतं. दोन घोट घेतले असतील, तिसरा कुंडीत ओतला. घरी आले तर दारात आई उभी. "हा कर." मी म्हटलं, काय? "तोंड उघड आणि हा कर." आणि तिनं स्वतःचं नाक माझ्या तोंडाला लावलं. शेजारीण जिन्यातून बघत होती. त्यानंतर दोन वर्षं, लग्नाहून ये, शिकवणीहून ये, वाचनालयातून पुस्तक घेऊन ये, दारात हा कर. मी आयुष्यात पुन्हा थेंब घेतला नाही, पण आईसमोर तोंड उघडून मनापासून बोललेही नाही. ती गेली तेव्हा शेवटचा आठवडाभर तिच्या उशाशी बसले होते. ती काही विचारायची, मी मान हलवायची. आणि माझी लेक झाली तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या मी ठरवलं होतं, मी कधी हिचं तोंड हुंगणार नाही. मला गरजच काय? मला कान होते. डबिंगच्या स्टुडिओत लोकांचे श्वास कापत मी जन्म काढला होता. खरं बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच कुठेतरी श्वास घेतो. खोटं बोलणारा आधी सगळा श्वास भरून घेतो आणि मग एका दमात वाक्य सोडून मोकळा होतो. हे मला कुणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून कळलं. चिमी पाच वर्षांची असताना चॉकलेट खाल्लं नाही म्हणाली आणि मी दुसऱ्या खोलीतून म्हटलं होतं, खाल्लंस. ती किती दचकली होती! नवरा हसला होता. मीही हसले होते, आणि वर शेजारणीला सांगत सुटले होते.

आता माझ्यासमोर एकोणीस नंबरच्या सहा क्लिपा होत्या आणि मी त्या ऐकत होते. हिच्या शाळेतून क्लिपा येणार हे मला कसं ठाऊक नाही, असं कुणी विचारेल. शाळेतून महिन्याला दहा फॉर्म येतात. सहलीचा, दातांच्या तपासणीचा, फोटो काढायच्या परवानगीचा. ही सकाळी बूट घालता घालता पुढे करते आणि मी न वाचता सही ठोकते. त्यातच आमच्याच कंपनीचा कागद असणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी पहिली क्लिप ऐकली, दुसरी ऐकली, पाचही ऐकल्या. "नको गं, मला सकाळी लवकर उठायचंय." "नाही रे, औषध चालू आहे माझं." "मी नाही घेत, तुम्ही घ्या ना." "छे, मला तो वासच नको वाटतो." "माझ्या वाटणीचं तू घे." पाचही एकदम मुलायम, पाचही गोड, कुणाचा अपमान नाही, कुठे आवाज चढला नाही की फाटला नाही. समोरच्याचं वाक्य संपल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर. आमच्या नियमाप्रमाणे शंभर टक्के हिरवं, पाचही वेळा मी तेच दाबलं. आणि तो नियम कुणी घातला होता? मी! पहिल्याच आठवड्यात स्लाइडरावानं विचारलं, मॅडम, ठाम नकार कानानं कसा ओळखायचा? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, अडखळत नाही, लांबत नाही, आवाज एका पट्टीत राहतो. त्यानं त्याची स्लाइड केली. खाली माझं नाव घातलं, मला बरं वाटलं होतं.

औषध चालू आहे माझं. पंधरा वर्षं सात महिने वयाच्या मुलीला हे कसं सुचतं? नवख्या माणसाला हे सुचत नाही. ज्या पोरानं खरंच कधी ग्लास पाहिला नाही ते काय म्हणतं ते मी गेले तीन महिने ऐकत होते. ते आधी गप्प राहतं. मग "अं" म्हणतं. अकरा नंबरच्या एका मुलानं त्या खोट्या पोराला विचारलं होतं, "त्यात काय असतं पण?" एवढ्या कुतूहलानं विचारलं होतं की मला हसू आलं, आणि मी पिवळं बटण दाबलं होतं. चव्वेचाळीस नंबरची मुलगी रडायलाच लागली होती, मला आईला विचारावं लागेल म्हणाली. पिवळं. असल्या सगळ्या पिवळ्या पोरांना आमचा खेळ परत पार्टीत पाठवतो, परत पाच ग्लास पुढे करतो, आणि तरीही जमलं नाही तर शाळेला पत्र जातं की ह्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावं. ज्यांनी कधी ओठाला लावली नाही त्यांच्यावर आम्ही विशेष लक्ष देत होतो, आणि जी घरी रोज आईच्या तोंडावर गोड थाप मारून सरावलेली होती त्यांना प्रशस्तिपत्र. चारशे गुणिले तीन महिने. एवढी पोरं माझ्या बोटाखालून गेली, आणि मला, कानसम्राज्ञीला, एक शंका आली नाही. माझीच कूस बोलली तेव्हा ऐकू आलं.

सहावी क्लिप मी मुद्दाम मागे ठेवली होती. पाच ग्लास झाले की खेळात एक दार उघडतं आणि आत न्हाणीघराच्या फरशीवर एक मुलगी पडलेली दिसते. ही स्लाइडरावाची खास आवडती जागा. इथे पोरानं घाबरायचं असतं. चित्रं काढणाऱ्या मुलानं फरशीवर ओकारीसुद्धा काढली आहे, तीन आठवडे खपला होता बिचारा त्या ओकारीवर. खेळ विचारतो, आता तू काय करशील? आणि उत्तर एकच बरोबर मानलंय: मोठ्या माणसाला बोलावीन. बहुतेक पोरं "ईऽऽ" म्हणतात, किंवा हसतात, किंवा शिकवल्यासारखं मोठ्या माणसाला बोलावीन म्हणून मोकळी होतात. डोळ्यांवर चष्मा चढला की पोरांचं एक होतं. आपल्याला कुणी दिसत नाही म्हणजे आपलं कुणी ऐकतही नाही असं त्यांना वाटतं. शेजारी शिपाई उभा असतो, बाई उभ्या असतात, माइक तोंडापुढे असतो. तरीही. चिमी खाली बसली असावी, कारण कपड्यांची सळसळ आली आणि आवाज माइकच्या जवळ आला. पहिल्यांदाच त्या आवाजात हवा नव्हती.

"थांब, थांब, पाठीवर नको झोपू," ती अगदी हळू म्हणाली. "कुशीवर हो. अशी. घाबरू नको, मी आहे ना. केस मागे घे. अगं, तुला थंडी वाजतेय का?" मध्ये बराच वेळ नुसता श्वास. हात पुढे केल्यावर हाताला काही लागलं नाही तर माणूस जसा थबकतो तसं ती थबकली असावी. मग पुन्हा: "घरी पोट बिघडलं म्हणून सांग. तुझी आई तोंडाचा वास घेते का? माझी नाही घेत. माझी आवाज ऐकते. तिला आवाजावरून सगळं कळतं. म्हणून घरी दोन-दोनच शब्द बोलायचे. दोन शब्दांत पकडता येत नाही. पूर्वी मी तिला खूप सांगायचे गं." इथे क्लिप संपली. उत्तराला वेळ दिला होता तेवढीच ती होती.

मी हेडफोन काढले. त्या खोलीत अचानक खुर्च्यांचे, कीबोर्डचे, पंख्याचे आवाज सुरू झाले. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी चिमीचं पोट बिघडलं होतं. सकाळपासून ओकत होती, चेहरा पांढराफटक. मी मीठ-साखरेचं पाणी करून चमच्याचमच्यानं पाजलं, दिवसभर पायथ्याशी बसून राहिले, तिचे पाय चोळले. तिनं माझ्याकडे दोनतीनदा पाहिलं होतं, काही बोलेल बोलेल असं. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं, तेही सांगून टाकते. वाटलं, आजारपणात का होईना, पोर जवळ आली. गेल्या वर्षभरात ती गप्प का झाली याची मी किती कारणं काढली होती! वय. मोबाइल. बापाचा आळशी स्वभाव. नवरा म्हणायचा, "वयच तसं असतं गं, बोलेल आपण होऊन." आणि मी त्याला म्हणायचे, तुला काय कळतं बोलण्यातलं. ती माझ्याच कानांपासून लपत होती. आईनं दारात नाक लावलं होतं, मी तेवढी शिकलेली म्हणून घरभर कान पसरून ठेवले होते. नाकापासून निदान तोंड मिटून सुटता येतं. आणि सगळ्यात लाजिरवाणं हे की त्या क्लिपेत जगातल्या सगळ्या पोरांनी मिळून बोललेल्यापेक्षा शहाणं असं काहीतरी माझी मुलगी बोलली होती. स्लाइडरावाचा खेळ पहिल्यांदाच कुणालातरी इतका खरा वाटला होता की ती फरशीवर बसून एका नसलेल्या मुलीला धीर देत होती. त्याला माझ्याजवळ राखाडी बटण होतं. असंबद्ध.

साडेतीनला स्लाइडराव उड्या मारत आला, मागून हुंकारबाई. यंत्रानं सगळ्यात ठाम नकारांची यादी काढली होती. "मॅडम, एकोणीस नंबर ऐकलात? काय नाही म्हणते हो पोरगी! सोनं आहे सोनं. उद्या खेळ बघायला समिती येतेय ना, त्यांना हीच ऐकवू. म्हणू, असा नकार आम्ही प्रत्येक मुलाच्या तोंडी बसवणार."

"ऐकवू नका," मी म्हणाले.

"का?"

"ती मुलगी पिते."

"हं," बाई म्हणाल्या. "कशावरून?"

"आवाजावरून. फार तयार आवाज आहे. ज्या पोरांना कधी कुणी विचारलेलं नसतं ती अडखळतात. न अडखळता नाही म्हणायला सराव लागतो, आणि तो सराव आपल्यासमोर होत नाही, आईबापांसमोर होतो. आपण पोरांना दारू नको म्हणायला शिकवत नाही आहोत. थाप मारायला शिकवतोय."

स्लाइडरावानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या पांढऱ्या बुटावर पाय दिला होता. "मॅडम, नियम तुमचाच आहे. अडखळत नाही, लांबत नाही. बटण तुम्हीच हिरवं दाबलंय ना?"

"दाबलं."

"मग? ती बाहेर काय करते ते आपल्या खेळात येत नाही. आणि हे मी स्लाइडवर कसं टाकू सांगा? नकार जितका चांगला तितका खोटा? समिती उठून जाईल." मग थोडा नरमला. "दमलायत तुम्ही. आज लवकर जा घरी." हुंकारबाई मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांना काही विचारायचं होतं, किंवा ती मान तशीच अडकली होती. त्या क्षणी मी एक वाक्य बोलले असते तर उद्याचा तमाशा थांबला असता. ती माझी मुलगी आहे. चारच शब्द होते. पण मग त्या "हं" म्हणाल्या असत्या, आणि उद्यापासून बाकीची सतरा माणसं माझ्याकडे कशी बघतील ते मला दिसलं, आणि मी गप्प बसले. इतरांना भ्याड म्हणायला मला मुळीच वेळ लागत नाही. ते दोघे गेल्यावर मी सहावी क्लिप पुसून टाकली. बावीस वर्षांत कुणाचा आवाज मी कामाबाहेर पुसला नव्हता. यंत्रानं विचारलं, नक्की पुसायची? मी हो म्हटलं, आणि पुसल्यावर मात्र ती आणखी एकदा ऐकायची राहिली म्हणून तिच्या रिकाम्या जागेवर पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले.

घरी जाताना मी बसमध्ये बसून चिमीला काय काय बोलायचं ते ठरवत होते, आणि जे ठरवत होते ते सगळं हुंकारबाईंचं निघत होतं. तुला कुणी भाग पाडतं का? तुला एकटं वाटतं का? शी! तीन महिन्यांत त्या बाईनं माझ्या तोंडातही तिची वाक्यं भरून ठेवली होती. मग मी आईसारखं बोलून पाहिलं, मनातल्या मनात. लाज नाही वाटत? कुणाबरोबर? कधीपासून? तेही ओळखीचं वाटलं, नको तेवढं ओळखीचं. मला भीती वाटत होती. दारूची नव्हे, दारूचं काय, चार घोट घेतलेली शंभर पोरं धडधाकट मोठी होतात. भीती ही वाटत होती की मी विचारेन आणि ती नाही म्हणेल. हवा सोडेल, गोड हसेल आणि अर्ध्या सेकंदात नाही म्हणेल, आणि मला ऐकू येईल की ते खोटं आहे, आणि तिला कळेल की मला ऐकू आलंय, आणि त्यानंतर ते दोन शब्दही बंद. एक थांबा पुढे जाऊन उतरले आणि परत चालत आले.

चिमी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणिताची वही उघडून बसली होती. नवरा दुपारपाळीला गेलेला. मी कपडे न बदलताच भाजी चिरायला घेतली, गॅसवर टाकली, झाकण ठेवलं. पाठमोरी उभी राहून विचारलं तर तिला सोपं जाईल असं वाटलं, मग वाटलं, पाठमोरं उभं राहिल्यावरच तर मला जास्त ऐकू येतं. म्हणून वळले आणि तिच्यासमोर बसले.

"चिमे, तू पितेस का?"

तिनं पेन खाली ठेवलं. नाकातून हवा सुटायला लागली होती तेवढ्यात मी हात वर केला. "बोलू नकोस."

"काय?"

"तोंडानं सांगू नकोस. तू बोललीस की मी तुझा आवाज तपासत बसते, तुझं म्हणणं माझ्या डोक्यात शिरतच नाही. इतकी वर्षं तेच केलं मी. लिहून पाठव. फोनवर पाठव. जे पाठवशील ते मी खरं धरीन."

"आई, तू बरी आहेस ना?"

"नाही. लिही."

ती माझ्याकडे बघत राहिली. उठून निघून गेली असती तर मी अडवलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण तिनं फोन उचलला. दोन्ही अंगठ्यांनी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. अर्ध्या सेकंदात पाच जणांना परतवून लावणारी ही मुलगी तीन ओळी लिहायला किती वेळ घेत होती! भाजी खाली लागल्याचा वास यायला लागला तरी मी उठले नाही. तिचं कपाळ घामानं चमकत होतं. कपाळाचा तो भाग लहानपणी तिला ताप आला की सगळ्यात आधी तापायचा. मग माझा फोन टेबलावर थरथरला. मी तिच्याकडे न बघता तो उचलला.

"हो. चार वेळा. तिसऱ्या वेळी खूप झाली आणि मला वाटलं मी मरते. दुसऱ्या दिवशी तू मीठ-साखरेचं पाणी देत होतीस तेव्हा तुला सगळं सांगणार होते. मी आई म्हटलं, आणि तू म्हणालीस, काही सांगू नकोस, आवाजावरूनच कळलं मला, शिळं खाल्लंयस."

मी ते वाचलं. परत वाचलं. मला ते वाक्य आठवत होतं. किती प्रेमानं म्हटलं होतं मी ते, आणि किती गर्वानं. उत्तर लिहावं म्हणून बोट ठेवलं. समोर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, रडतेयस तू?"

"नाही," मी म्हणाले. अजिबात न अडखळता.

"खोटं," चिमी म्हणाली, आणि गॅस बंद करून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.